मराठी स्क्रीन रीडर आणि अल्पदृष्टी

स्क्रीन रीडर (अन्य नावे: पटलवाचक, पडदावाचक) ही संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील मजकूर, बटणे, सूचना आणि चित्रांची वर्णने आवाजाच्या अथवा ब्रेल लिपीच्या रूपात वापरकर्त्यापर्यंत पोहोचविणारी आज्ञावली होय. तिच्यासाठी मजकुराचे प्रत्यक्ष उच्चारात रूपांतर करणाऱ्या घटकाला टेक्स्ट टू स्पीच किंवा वाक्‌संश्लेषक म्हणतात. पूर्णतः अंध व्यक्तींप्रमाणेच अल्पदृष्टी असलेले विद्यार्थी, नोकरदार आणि वयोमानाने दृष्टी मंदावलेले ज्येष्ठ नागरिकही या साधनांचा वापर करतात.

मराठी बोलणारे कृत्रिम आवाज आता संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहेत. तरीही मराठीतील बराच मजकूर या साधनांना वाचता येत नाही. तो जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला असतो किंवा कागदाच्या छायाचित्राच्या रूपात प्रसिद्ध झालेला असतो. त्यामुळे अल्पदृष्टी वाचकाला एखादे परिपत्रक, पाठ्यपुस्तक किंवा बातमी वाचता येईल की नाही, हे बहुतांशी तो मजकूर तयार करणाऱ्या डोळस व्यक्तीच्या कार्यपद्धतीवर ठरते.

अल्पदृष्टीची व्याख्या

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या स्वतंत्र व्याख्या दिल्या आहेत. चष्मा किंवा अन्य सर्वोत्तम उपचारांनंतरही चांगल्या डोळ्याची दृष्टितीक्ष्णता ६/१८ पेक्षा अधिक नसून ३/६० पर्यंत असेल, किंवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी व १० अंशांपर्यंत असेल, तर ती अल्पदृष्टी मानली जाते. दृष्टितीक्ष्णता ३/६० पेक्षा कमी किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असल्यास त्याची गणना अंधत्वात होते. ६/१८ याचा ढोबळ अर्थ असा की, सामान्य दृष्टीच्या व्यक्तीला १८ मीटरवरून ओळखता येणारे अक्षर संबंधित व्यक्तीला ६ मीटरवरूनच ओळखता येते.

भारताच्या २०११ च्या जनगणनेत दृष्टिविषयक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदविली गेली.

अल्पदृष्टीची कारणे अनेक आहेत. काचबिंदू, मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार, वयोमानाने होणारा पीतबिंदूचा ऱ्हास, रेटिनायटिस पिगमेंटोसा, वर्णहीनता आणि तीव्र निकटदृष्टिता ही त्यांपैकी प्रमुख होत. कारणानुसार वाचनातील अडचणही बदलते. पीतबिंदूच्या ऱ्हासात दृष्टिक्षेत्राचा मध्यभाग अस्पष्ट होतो. व्यक्तीला खोलीत वावरता येते, परंतु ज्या अक्षराकडे पाहावे तेच दिसेनासे होते. काचबिंदूमध्ये बहुधा कडेची दृष्टी आधी जाते. अशा वेळी अक्षर ओळखता येते, पण ओळीचा शेवट आणि पुढील ओळीचा आरंभ शोधावा लागतो. अनेकांची दृष्टी प्रकाश, थकवा आणि दिवसाची वेळ यांनुसारही कमीजास्त होते. म्हणूनच एकच व्यक्ती सकाळी मोठ्या अक्षरांत वाचते आणि सायंकाळी ऐकून वाचते, असे आढळते.

कार्यपद्धती

स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘पाहत’ नाही. संगणकाची मुख्य प्रणाली पडद्यावरील प्रत्येक घटकाची माहिती एका अदृश्य रचनेत ठेवते. हे शीर्षक आहे, हा दुवा आहे, ही रिकामी चौकट भरावयाची आहे, हे बटण सध्या निष्क्रिय आहे, अशा स्वरूपाची ती माहिती असते. स्क्रीन रीडर ही रचना वाचतो, तिचा क्रम लावतो आणि शब्दांची मालिका वाक्‌संश्लेषकाकडे सोपवितो. ज्या चित्राला वर्णन जोडलेले नाही किंवा ज्या बटणाला नाव दिलेले नाही, त्याविषयी तो केवळ ‘चित्र’ किंवा ‘बटण’ एवढेच सांगू शकतो.

वाक्‌संश्लेषकाचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात अंक, संक्षेप, दिनांक आणि चिन्हे यांचे शब्दांत रूपांतर होते आणि प्रत्येक शब्दाचा उच्चार निश्चित केला जातो. दुसऱ्या टप्प्यात त्या उच्चारांचा ध्वनी निर्माण होतो. हा ध्वनी निर्माण करण्याच्या प्रमुख पद्धती पुढीलप्रमाणे आहेत:

• फॉर्मंट संश्लेषण: मानवी स्वरमार्गातील अनुनादांचे गणिती अनुकरण करून आवाज तयार केला जातो. आवाज यांत्रिक वाटतो, मात्र आज्ञावली आकाराने लहान असते, तत्काळ प्रतिसाद देते आणि वेग पुष्कळ वाढविला तरी शब्द स्पष्ट राहतात. ई-स्पीक हे याचे प्रसिद्ध उदाहरण असून त्यात मराठीचा समावेश आहे.
• जोडसंश्लेषण: मानवी वक्त्याकडून ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजाचे लहान तुकडे जोडून वाक्य तयार केले जाते.
• न्यूरल संश्लेषण: मोठ्या प्रमाणावरील ध्वनिमुद्रणांवरून संगणक स्वतः बोलण्याची लकब शिकतो. २०१६ मध्ये वेव्हनेट या प्रारूपानंतर ही पद्धत रूढ झाली. हा आवाज माणसासारखा वाटतो.

दीर्घकाळ स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अनेक व्यक्ती कामाच्या वेळी यांत्रिक आवाजच पसंत करतात. कारण तो सामान्य बोलण्याच्या कित्येक पट वेगाने ऐकता येतो. कथा-कादंबरी ऐकताना मात्र नैसर्गिक आवाज अधिक सुखद वाटतो.

इतिहास

१९७६ मध्ये अमेरिकेतील रेमंड कुर्झवाइल यांनी छापील पान स्कॅन करून मोठ्याने वाचणारे यंत्र सादर केले. १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत डॉस प्रणालीसाठी स्क्रीन रीडर तयार झाला. अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकी अभियंता टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये जॉज हा स्क्रीन रीडर आणला. १९९५ मध्ये त्याची विंडोजसाठीची आवृत्ती आली. जॉज दीर्घकाळ या क्षेत्रात अग्रेसर राहिला, परंतु त्याची किंमत विकसनशील देशांतील सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्याबाहेर होती.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए या मुक्त स्रोत स्क्रीन रीडरची निर्मिती सुरू केली. पुढे जेम्स टेह हे त्यांचे सहकारी झाले. डोळस व्यक्तीला पडदा विनामूल्य वाचता येतो, मग अंध व्यक्तीने त्यासाठी वेगळे पैसे का मोजावेत, हा या प्रकल्पामागील विचार होता. एनव्हीडीए विनामूल्य असल्याने भारतातील शाळा, महाविद्यालये आणि प्रशिक्षण केंद्रे यांत त्याचा प्रसार झाला.

याच काळात स्क्रीन रीडर मुख्य प्रणालींचाच भाग होऊ लागला. विंडोजमध्ये नॅरेटर २००० मध्ये, ॲपलच्या संगणकांत व्हॉइसओव्हर २००५ मध्ये आणि आयफोनमध्ये २००९ मध्ये आला. ॲन्ड्रॉइडवर टॉकबॅक २००९ पासून उपलब्ध आहे. स्वस्त ॲन्ड्रॉइड भ्रमणध्वनी घरोघरी पोहोचल्यामुळे संगणक नसलेल्या मराठी वापरकर्त्यांनाही प्रथमच स्क्रीन रीडर हाताळता आला.

मराठी आवाजांच्या बाबतीत, केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याने आयआयटी मद्रासच्या नेतृत्वाखाली अनेक संस्थांनी मिळून भारतीय भाषांसाठी वाक्‌संश्लेषणाचा प्रकल्प राबविला. त्यात मराठीचा समावेश होता. गुगलच्या वाक्‌संश्लेषकात मराठी आवाज उपलब्ध आहे. मायक्रोसॉफ्टच्या न्यूरल आवाजांमध्ये ‘आरोही’ हा स्त्रीचा आणि ‘मनोहर’ हा पुरुषाचा असे दोन मराठी आवाज आहेत.

मराठी उच्चारणातील प्रश्न

देवनागरी लिपी उच्चारानुसारी मानली जाते. लिहिल्याप्रमाणे वाचले की झाले, असा समज त्यामुळे रूढ आहे. प्रत्यक्षात मराठी वाचक कितीतरी नियम नकळत पाळत असतो आणि ते यंत्राला स्वतंत्रपणे शिकवावे लागतात.

अकाराचा लोप: ‘घर’ हा शब्द ‘घर्’ असा उच्चारला जातो, परंतु ‘पत्र’ या शब्दातील अंत्य अकार जोडाक्षरामुळे टिकतो. ‘राजकारण’ आणि ‘लोकशाही’ यांसारख्या सामासिक शब्दांत पहिल्या पदाच्या अखेरचा अकारही लोपतो. समास कोठे जुळला आहे हे यंत्राला कळले नाही, तर उच्चार अडखळतो.

च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार: ‘चार’ आणि ‘चाक’, ‘जन’ आणि ‘जड’ यांतील आद्य व्यंजने लिपीत सारखी, पण उच्चारात भिन्न आहेत. ‘जरा’ हा शब्द ‘थोडे’ या अर्थी दंततालव्य उच्चाराने, तर ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य उच्चाराने म्हटला जातो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप यांतही हाच भेद आहे. येथे योग्य उच्चार केवळ संदर्भावरून ठरतो.

अनुस्वार: ‘अंक’, ‘कंठ’, ‘अंत’ आणि ‘कंप’ यांत एकाच बिंदूचे उच्चार वेगवेगळे होतात, ‘संयम’, ‘संवाद’ आणि ‘सिंह’ यांत ते आणखी बदलतात. ‘केलं’, ‘झालं’, ‘बोललं’ या बोलीतील रूपांवरचा बिंदू तर नासिक्य उच्चार दर्शवितच नाही. तो अंत्य अकार लांबविण्याची खूण आहे. संवादप्रधान कथा वाचताना यंत्राने असा प्रत्येक बिंदू नाकातून उच्चारला, तर ऐकणे त्रासदायक होते.

हिंदी आवाजाने मराठी वाचन: मराठी आवाज उपलब्ध नसलेल्या उपकरणावर तोच मजकूर हिंदी आवाज वाचतो. लिपी समान असल्याने वाचन थांबत नाही, पण भाषा बदलते. ‘ज्ञान’ हे ‘द्न्यान’ऐवजी ‘ग्यान’ होते, ‘कृपा’ ही ‘क्रिपा’ होते, ‘ळ’चा उच्चार बिघडतो आणि ‘४५’ हा आकडा ‘पंचेचाळीस’ऐवजी ‘पैंतालीस’ असा ऐकू येतो. लहान विद्यार्थ्याच्या कानावर रोज असेच मराठी पडत राहिले, तर त्याच्या उच्चारावर व शुद्धलेखनावर परिणाम होण्याचा संभव असतो. त्यामुळे उपकरणाच्या सेटिंगमध्ये मराठी आवाज स्वतंत्रपणे निवडणे आणि संकेतस्थळाने आपल्या पानाची भाषा मराठी असल्याचे संहितेत नमूद करणे आवश्यक ठरते.

अर्धा र: ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ या जोड्यांतील भेद मराठीचे वैशिष्ट्य आहे. युनिकोडमध्ये हा ‘ऱ्य’ दोन प्रकारांनी लिहिता येतो: एक, नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरा, साध्या ‘र’ला हलन्त व त्यानंतर अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात. संगणकाला मात्र ती भिन्न वाटतात. त्यामुळे शब्दशोधात आणि उच्चारात फरक पडू शकतो.

फॉन्ट, युनिकोड आणि पीडीएफ

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी टंकनासाठी निरनिराळे फॉन्ट वापरले जात. त्यांत देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत. उदाहरणार्थ, कृती देव या फॉन्टात लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत ‘ई, जे, के, बी, एच’ या पाच इंग्रजी अक्षरांच्या रूपात असतो. तो फॉन्ट असलेल्या संगणकावर डोळस वाचकाला ‘मराठी’ असेच दिसते. स्क्रीन रीडर मात्र स्मृतीतील मजकूर वाचत असल्याने तो ही अर्थहीन इंग्रजी अक्षरे उच्चारतो. अशा फॉन्टांत ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी टंकला जातो, तर युनिकोडमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर साठविला जातो. त्यामुळे रूपांतर करताना केवळ अक्षराला अक्षर बदलून भागत नाही.

युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ संकेतांकांचा विभाग राखलेला आहे. प्रत्येक वर्णाला स्वतःचा कायम संकेतांक असल्यामुळे फॉन्ट कोणताही असला तरी स्मृतीतील मजकूर देवनागरीच राहतो. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी व हिंदी वळणे वेगळी असली, तरी हा भेद फॉन्टापुरता असतो; स्क्रीन रीडरच्या दृष्टीने अक्षर एकच असते.

पीडीएफ धारिकांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. स्वाक्षरी व शिक्का असलेला कागद स्कॅन करून तयार केलेल्या पीडीएफमध्ये मजकूर नसतोच. असते ते पानाचे छायाचित्र. जुन्या फॉन्टातून बनविलेल्या पीडीएफमध्ये मजकूर असतो, पण तो वर सांगितल्याप्रमाणे निरर्थक असतो. युनिकोडमध्ये टंकलेल्या मजकुराची पीडीएफ करतानाही योग्य पद्धत न वापरल्यास जोडाक्षरे तुटतात आणि मात्रांचा क्रम बिघडतो. ही चाचणी डोळस व्यक्तीलाही सहज करता येते: पीडीएफमधील एक परिच्छेद निवडून दुसऱ्या कोऱ्या पानावर चिकटवावा. तेथे शुद्ध मराठी उमटली, तर स्क्रीन रीडरलाही ती बहुधा वाचता येते.

छायाचित्रातील मजकूर ओळखण्यासाठी अक्षरओळख तंत्राचा आधार घ्यावा लागतो. टेसरॅक्ट या मुक्त स्रोत आज्ञावलीत मराठीची सोय आहे. गुगल लेन्ससारख्या साधनांतूनही मराठी छापील मजकूर ओळखता येतो. शिरोरेषेमुळे अक्षरे एकमेकांस जोडलेली असणे, जुन्या छपाईतील तुटक मात्रा आणि ‘घ–ध’, ‘भ–म’, ‘ब–व’ यांसारखी सारखी दिसणारी अक्षरे यांमुळे चुका राहतात. कथेतील अशी चूक संदर्भाने सुधारून घेता येते; औषधाच्या मात्रेतील किंवा जमिनीच्या उताऱ्यातील आकडा चुकल्यास मात्र नुकसान होऊ शकते.

अल्पदृष्टी व्यक्तींची वापरपद्धती

पूर्ण अंध वापरकर्ता संपूर्णपणे कळफलक, स्पर्शखुणा आणि आवाज यांवर अवलंबून असतो. अल्पदृष्टी वापरकर्ता बहुधा डोळा आणि कान यांच्यात कामाची वाटणी करतो. पानावरील जागा शोधणे, चित्र पाहणे, रंगावरून खूण ओळखणे ही कामे तो उरलेल्या दृष्टीने करतो आणि दीर्घ मजकूर ऐकतो.

केवळ अक्षरे मोठी करण्यास मर्यादा आहे. पडदा चौपट मोठा केला की एका वेळी मूळ पानाचा सोळावा भागच दिसतो. प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवावे लागते, मान व डोळे दुखतात आणि वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचताना आरंभ विस्मरणात जातो. ज्यांचे दृष्टिक्षेत्र आक्रसलेले आहे, त्यांना अतिमोठी अक्षरे उलट गैरसोयीची ठरतात. अशा वेळी मध्यम आकार, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरे आणि सोबत आवाज हा मार्ग उपयुक्त ठरतो.

यासाठी उपलब्ध असलेली प्रमुख साधने अशी:

• भिंग: विंडोजमध्ये विंडोज व अधिक ही चिन्हकळ एकत्र दाबल्यास पडदा मोठा करणारे भिंग सुरू होते.
• निवडून ऐकणे: ॲन्ड्रॉइडमधील सिलेक्ट टू स्पीक या सोयीत बोटाने निवडलेला भागच वाचला जातो. टॉकबॅक सुरू केल्यावर स्पर्शाच्या सर्व सवयी बदलतात. या सोयीत मात्र त्या बदलत नाहीत. म्हणून ज्येष्ठ नागरिकांना आरंभ करण्यास ती सोपी पडते.
• संपूर्ण पान ऐकणे: आयफोनमध्ये स्पीक स्क्रीन ही सोय सुरू करून दोन बोटे पडद्याच्या वरच्या कडेपासून खाली ओढल्यास पान वाचले जाते.
• पूर्ण स्क्रीन रीडर: एनव्हीडीए, जॉज, टॉकबॅक, व्हॉइसओव्हर. संकेतस्थळावर एनव्हीडीए वापरताना ‘एच’ ही कळ दाबून एका शीर्षकावरून पुढील शीर्षकावर जाता येते.
• संयुक्त साधने: झूमटेक्स्ट आणि फ्यूजन यांमध्ये मोठी अक्षरे व आवाज एकत्र मिळतात.

दृष्टी हळूहळू कमी होत असलेल्या व्यक्ती स्क्रीन रीडर शिकणे लांबणीवर टाकतात, कारण त्याचा स्वीकार म्हणजे अंधत्वाची कबुली असे त्यांना वा कुटुंबीयांना वाटते. थोडी दृष्टी शिल्लक असतानाच कळफलकाचा सराव केल्यास शिकणे सुलभ होते.

शिक्षण आणि परीक्षा

स्क्रीन रीडर ब्रेलची जागा घेतो का, हा अध्यापकांमध्ये चर्चिला जाणारा विषय आहे. ऐकून आशय कळतो. शब्दाचे लेखन कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, श-ष यांतील भेद आणि विरामचिन्हे कानाला जाणवतीलच असे नाही. भाषेच्या अभ्यासासाठी ब्रेल किंवा मोठ्या अक्षरांतील पुस्तक आणि इतर विषयांच्या दीर्घ वाचनासाठी आवाज, अशी सांगड उपयुक्त मानली जाते. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक २००८ पासून प्रसिद्ध होत आहे. गणित व विज्ञानातील सूत्रे चित्ररूपात दिल्यास वाचता येत नाहीत; ती मॅथएमएल या पद्धतीने लिहिल्यास स्क्रीन रीडरला उच्चारता येतात.

केंद्र सरकारने २६ फेब्रुवारी २०१३ आणि २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत लेखनिकाबरोबरच ब्रेल, संगणक, मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका यांचा पर्याय आणि दर तासाला किमान २० मिनिटे वाढीव वेळ यांची तरतूद आहे. संगणकाचा पर्याय घेणाऱ्या परीक्षार्थीला एक दिवस आधी संगणक तपासून पाहण्याची मुभाही २०१८ च्या सूचनांत आहे. मराठी माध्यमाच्या परीक्षार्थीसाठी ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. मराठी आवाज, युनिकोड प्रश्नपत्रिका आणि सवयीचा कळफलक या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच संगणकाचा पर्याय प्रत्यक्षात उपयोगी पडतो.

कायदेशीर तरतुदी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध होईल यासाठी शासनाने उपाय योजावयाचे आहेत. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राच्या स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाही आहेत.

प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींसाठी पुस्तकाची सुगम्य प्रत तयार करण्यास लेखक-प्रकाशकांच्या परवानगीची अट शिथिल झाली. २०१३ मध्ये स्वीकारण्यात आलेल्या मर्राकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे सुगम्य पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असावेत, असे स्पष्ट केले. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

नाशिकमधील संदर्भ

नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली. तिच्या महाराष्ट्र शाखेचे कार्यालय नाशिकमधील सातपूर परिसरात आहे.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ मध्ये झाली असून त्याचे मुख्यालय नाशिक येथे गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. दूरशिक्षणात विद्यार्थी मुख्यतः अध्ययन-साहित्यावर विसंबून घरी अभ्यास करतो. शेजारी बसून वाचून दाखविणारे कोणी नसलेल्या अल्पदृष्टी विद्यार्थ्यासाठी या साहित्याचे स्वरूप निर्णायक ठरते. शहरातील सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचे आहे. अशा जुन्या ग्रंथालयांतील छापील पुस्तके आवाजात आणण्यासाठी स्कॅनिंग, अक्षरओळख आणि त्यानंतर मानवी मुद्रितशोधन या तिन्ही टप्प्यांची गरज असते.

नाशिकमध्ये १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जातात. अल्पदृष्टी व्यक्तींना नोट ओळखता यावी यासाठी नव्या महात्मा गांधी मालिकेतील १०० रुपयांच्या नोटेवर चार आणि ५०० रुपयांच्या नोटेवर पाच तिरप्या उठावदार रेषा आहेत. वापराने नोट मऊ झाली की हा उठाव बोटांना जाणवेनासा होतो. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणी’ हे ॲप सुरू केले. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर नोट धरल्यास ते तिचे मूल्य आवाजात सांगते आणि त्यासाठी इंटरनेटची आवश्यकता नसते. आरंभी ही सोय हिंदी व इंग्रजीत देण्यात आली.

सुगम्य मराठी मजकुराची पथ्ये

स्क्रीन रीडरला वाचता येईल असा मराठी मजकूर तयार करण्यासाठी पुढील बाबी पुरेशा ठरतात. त्यांसाठी वेगळा खर्च येत नाही.

• टंकन युनिकोडमध्येच करावे.
• शीर्षक केवळ ठळक न करता ‘हेडिंग’ ही शैली लावावी.
• स्वाक्षरीची प्रत स्कॅन करून द्यावयाची असल्यास तिच्यासोबत मूळ मजकुराची प्रतही द्यावी.
• चित्राला एका-दोन वाक्यांचे वर्णन जोडावे.
• निमंत्रण, सूचना किंवा निकाल चित्ररूपात पाठविल्यास त्याखाली तोच मजकूर टंकून द्यावा.
• ‘येथे टिचकी मारा’ असे न लिहिता दुवा कोठे नेतो ते लिहावे.
• ‘लाल रंगातील नावे पाहा’ यांसारख्या केवळ रंगावर आधारित सूचना टाळाव्यात.

मर्यादा

मराठी आवाजांची संख्या इंग्रजीच्या तुलनेत कमी आहे. मराठी-इंग्रजी मिश्र वाक्यांत आवाज मध्येच बदलतो किंवा इंग्रजी शब्द विकृत उच्चारला जातो. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी यांसारख्या बोलींतील मजकूर प्रमाण मराठीच्या नियमांनी वाचला जातो. हस्तलिखित मजकूर आणि मोडी लिपीतील कागदपत्रे यांसाठी जाणकार व्यक्तीची मदत आवश्यक असते. बँक व शासकीय सेवांच्या संकेतस्थळांवर चित्रातील अक्षरे ओळखण्याची अट असेल आणि तिला श्राव्य पर्याय नसेल, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचे काम तेथेच थांबते. आपला सांकेतिक शब्द किंवा खात्याची माहिती दुसऱ्याला सांगण्याची वेळ त्याच्यावर येते.

हेही पाहा

• ब्रेल लिपी
• देवनागरी
• युनिकोड
• दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६
• मर्राकेश करार